वर जावं तर थंडी, खाली जावं तर घाम

डोंगर चढताना आपण सूर्याच्या दिशेने जात असतो, तरी थंडी वाजते. खाणीत उतरताना सूर्यापासून दूर जात असतो, तरी घाम फुटतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चमत्कारिक आहे असं वाटतच नाही. पण 'असं का?' हा प्रश्न नीट धरून ठेवला, तर त्याचं उत्तर शोधता शोधता पृथ्वीच्या पोटातले आणि आपल्या डोक्यावरचे बहुतेक सगळे थर भेटून जातात.

शाळेत हे थर चित्रातून भेटतात. एकात एक रंगीत वर्तुळं, बाजूला बाण, बाणापुढे नावं. नावं पाठ होतात आणि परीक्षा संपली की उडून जातात. यात मुलांची चूक नाही. चित्रात थर कुठे आहेत ते कळतं, का आहेत ते कळत नाही. आणि 'का' हाती लागलं नाही, तर भूकवच-प्रावरण-गाभा काय किंवा तपांबर-स्थितांबर-मध्यांबर काय, सगळी नुसतीच जड नावं.

म्हणून आधी एक साधी खूणगाठ बांधू. एखादी गोष्ट जिथे आपली चाल बदलते, तिथे थर संपतो. हवेत ही गोष्ट म्हणजे तापमान: ते घटता घटता अचानक वाढू लागतं, वाढता वाढता पुन्हा घटू लागतं. जमिनीखाली ही गोष्ट म्हणजे भूकंपाच्या लहरी: त्या एका खोलीवर एकदम वेग घेतात, दुसऱ्या खोलीवर मंदावतात, तिसरीवर काही लहरी नाहीशाच होतात. वर पारा वळतो, खाली लहर वळते. आता निघू. आधी खाली.

पाचशे वीस पानांतलं एक पान

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियाच्या वायव्य टोकाला कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० साली खोदाई सुरू झाली, १९८९ पर्यंत ती १२,२६२ मीटरवर पोचली. लक्ष्य १५ किलोमीटरचं होतं. पण तळाशी खडकाचं तापमान १८० अंश निघालं, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. इतक्या उष्णतेत आणि दाबात खडक हट्टी राहत नाही. भोक पाडावं तर ते हळूहळू आक्रसायला लागतं. शेवटी काम थांबलं. वीतभर रुंदीचं ते भोक आज झाकण लावून बंद केलेलं आहे.

पृथ्वी म्हणजे ५२० पानांचं पुस्तक मानलं, तर केंद्रापर्यंतच्या वाटेवर आपण जेमतेम एक पान उलटलं आहे. उरलेल्या ५१९ पानांत काय लिहिलंय ते मग कळलं कसं?

पहिला धागा वजनाचा. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने बंद खोलीत एका तारेला दांडी टांगली, तिच्या टोकांना छोटे गोळे लावले आणि शेजारी शिशाचे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणून ठेवले. मोठ्या गोळ्यांच्या ओढीने दांडी किंचित वळली. आपल्या अंगाच्या उष्णतेनेही हवा हलेल म्हणून तो खोलीबाहेरून, भिंतीतल्या दुर्बिणीतून हे वळण मोजत होता. त्यावरून त्याने पृथ्वीची सरासरी घनता काढली: पाण्याच्या ५.४५ पट. आजचा आकडा ५.५१ आहे, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हात किती स्थिर होता ते बघा. आता गंमत अशी की पृष्ठभागावरचे खडक पाण्याच्या पावणेतीन-तीन पटच जड असतात. वरचं इतकं हलकं आणि सरासरी इतकी जास्त, तर आत कुठेतरी फार जड काहीतरी असलंच पाहिजे. लोखंड हे उत्तर लोकांच्या मनात आलं, कारण आकाशातून पडणाऱ्या काही उल्का चक्क लोखंडाच्या असतात.

दुसरा धागा भूकंपाचा, आणि खरी गोष्ट इथेच रंगते.

भूकंप झाला की जमिनीच्या पोटातून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी पुढे-मागे ढकलत जातात, रेल्वेचे डबे एकमेकांना धक्का देत जावेत तशा. त्या सर्वांत वेगवान आणि घन, द्रव कशातूनही जातात. दुय्यम लहरी दोरी हलवावी तशा आडव्या हलत जातात. त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. द्रवाला आडवा धक्का दिला तर तो फक्त सरकतो, परत जागेवर उसळत नाही. आणि उसळी नाही तर लहर नाही.

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमने त्याच्या नोंदी अभ्यासल्या आणि कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघांमधून या लहरी वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. पुढे १९०६ मध्ये त्याने जगाच्या पलीकडच्या बाजूला लहरी उशिरा पोचतात हे दाखवून पृथ्वीला गाभा आहे असं मांडलं. १९०९ साली झाग्रेबजवळ भूकंप झाला तेव्हा आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना एका धक्क्याच्या प्राथमिक लहरी दोनदा आलेल्या दिसल्या. जणू दोन माणसं एकाच ठिकाणाहून निघाली. एक जवळच्या खडबडीत रस्त्याने आलं, दुसरं लांबचा वळसा घालून पण गुळगुळीत महामार्गाने. दूरच्या केंद्रांवर वळसा घालणारी लहर आधी पोचत होती. म्हणजे खाली सुमारे पन्नास किलोमीटरवर असा खडक होता ज्यात लहरी सेकंदाला ६ ऐवजी ८ किलोमीटर धावतात. ही सीमा म्हणजे भूकवचाचा तळ. तिला 'मोहो' म्हणतात. पूर्ण आडनाव उच्चारायची हिंमत फारशी कोणी करत नाही.

काही वर्षांनी बेनो गुटेनबर्गने गाभ्याची खोली काढली, सुमारे २,९०० किलोमीटर. तिथे दुय्यम लहरी संपतात, म्हणजे तिथून पुढे द्रव आहे. त्यामुळे भूकंपाच्या केंद्रापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात थेट लहरी पोचू नयेत असा हिशोब होता. पण १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपात त्या सावलीतही मंद लहरी उमटल्या. इतरांनी त्यांना किरकोळ म्हणून सोडून दिलं. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी सोडलं नाही. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोळा आहे आणि त्यावर आपटून या लहरी वळतात, असं त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. शोधनिबंधाचं शीर्षक होतं फक्त 'पी डॅश'. विज्ञानात इतकं आखूड शीर्षक क्वचित भेटतं. बाई १०४ वर्षं जगल्या.

थोडक्यात, या सगळ्यांनी पृथ्वी पाहिली ती एखाद्या भांड्यावर टिचकी मारून आत काय आहे ओळखावं तशी. टिचकी त्यांनी मारली नव्हती, एवढाच फरक.

लाव्ह्याचा समुद्र नाहीच

भूकवच दोन प्रकारचं. समुद्राखालचं पातळ, सुमारे ७ किलोमीटर, काळ्या जड बेसाल्टचं. खंडांचं जाड, साधारण ३५-४० किलोमीटर, तिबेटच्या पठाराखाली तर ७० च्या घरात, आणि तुलनेने हलक्या, ग्रॅनाइटसारख्या खडकांचं. या वजनाच्या फरकाचा परिणाम वयावर झाला आहे. समुद्राचा तळ जुना आणि थंड झाला की जड होतो आणि पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडतो. म्हणून त्यातला बहुतेक भाग २० कोटी वर्षांहून तरुण आहे. खंड हलके, ते बुडत नाहीत. ऑस्ट्रेलियात सापडलेले झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण ४४० कोटी वर्षांचे आहेत, आणि पृथ्वीचं वयच ४५४ कोटी वर्षं आहे.

त्याखाली प्रावरण. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग एवढ्या एका थरात आहे. आणि त्याच्याबद्दलच सर्वांत मोठा गैरसमज आहे. भूकवच फोडलं की खाली लालभडक लाव्ह्याचा समुद्र उसळतोय, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते चूक आहे. प्रावरण घन खडकाचं आहे. पुरावा वर येऊन गेलाच: दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात. द्रव असतं तर त्या गेल्याच नसत्या.

मात्र हा घन खडक वाहतो. विरोधाभास वाटतो, पण हिमनदी आठवा. तिचा तुकडा हातोड्याने फुटतो आणि तीच हिमनदी वर्षानुवर्षं डोंगरावरून खाली सरकत असते. प्रावरणातला खडक वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. खालचा तापलेला खडक वर येतो, वरचा थंड झालेला खाली जातो.

मग ज्वालामुखीतून लाव्हा येतो कुठून? हा माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्याला वाटतं की खडक तापतो म्हणून वितळतो. पण अनेक ठिकाणी तो आणखी तापत नाहीच. त्याच्यावरचा भार हलका होतो. खोलवर प्रचंड दाबामुळे खडक इतका तापूनही वितळू शकत नाही, अणूंना सुटायला जागाच नसते. हाच खडक वर सरकू लागला की दाब कमी होतो आणि त्याचा थोडासा अंश वितळतो. समुद्रतळाच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगांखाली हेच चालू असतं. दुसरी तऱ्हा पाण्याची: बुडणाऱ्या समुद्रतळाबरोबर पाणी खाली जातं, ते वरच्या खडकात शिरलं की त्याचा वितळणबिंदूच उतरतो. पॅसिफिक महासागराच्या काठाने ज्वालामुखींची जी माळ आहे ती या दुसऱ्या तऱ्हेची. म्हणजे द्रव खडकाचे फक्त छोटे छोटे कप्पे असतात, तेही बहुतेक वरच्या भागात.

इथे आणखी एक गोंधळ मिटवून टाकू. 'शिलावरण' आणि 'भूकवच' हे एकच नव्हेत. भूकवच, प्रावरण, गाभा ही वाटणी कशाचं बनलंय यावरून केलेली. शिलावरण आणि त्याखालचं मऊ, हळूहळू वाहणारं दुर्बलावरण ही वाटणी कसं वागतं यावरून केलेली. पूर्ण भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा थंड, कडक माथा मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीची ताठ फरशी होते, तेच शिलावरण. त्याच फरशीचे तुकडे म्हणजे भूपट्ट. एकाच घराची खोल्यांप्रमाणे आणि भाडेकरूंप्रमाणे वेगळी यादी करावी तसं हे आहे. वर हवेतही अगदी हाच गोंधळ आहे, तो पुढे येईल.

प्रावरणात खोल गेलं की साधारण ४१० आणि ६६० किलोमीटरवर लहरी पुन्हा वेग बदलतात. तिथे पदार्थ तोच राहतो, पण दाबाने अणू अधिक दाटीवाटीने बसतात. ६६० च्या खाली जे खनिज सर्वाधिक आहे ते संपूर्ण पृथ्वीवरचंच सर्वांत विपुल खनिज. तरी २०१४ पर्यंत त्याला अधिकृत नाव नव्हतं! नियम असा की निसर्गात नमुना सापडल्याशिवाय नाव द्यायचं नाही, आणि इतक्या खोलीवरचा नमुना आणणार कोण? शेवटी तो सापडला १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका उल्केत. आपल्या पायाखालच्या खनिजाचं बारसं आभाळातून पडलेल्या दगडावर झालं. नाव ठेवलं ब्रिजमनाइट.

तापलेला तरी घट्ट

२,९०० किलोमीटरवर प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला १३.७ वरून एकदम ८ किलोमीटरवर घसरतो. इथून बाह्य गाभा: द्रवरूप लोखंड, सोबत निकेल आणि थोडी हलकी मूलद्रव्यं. सुमारे ५,१५० किलोमीटरवर तो संपतो आणि आंतरगाभा सुरू होतो. तो घन आहे. आणि तो बाह्य गाभ्यापेक्षा जास्त तापलेला आहे, तापमान पाच हजार अंशांच्या वर, जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतकं.

जास्त तापलेलं ते घन आणि कमी तापलेलं ते द्रव, हे कसं? उत्तर पुन्हा दाबच. उष्णता म्हणते सुटा, दाब म्हणतो बसा. पृथ्वीच्या पोटात ही रस्सीखेच सगळीकडे चालू आहे. प्रावरणात दाब जिंकतो. बाह्य गाभ्यात पदार्थच बदलतो, लोखंडाचा वितळणबिंदू खडकापेक्षा खाली असतो, म्हणून उष्णता जिंकते. अगदी मध्यावर दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट होतो आणि पुन्हा पारडं फिरतं. द्रव, घन, मऊ, कडक असे आलटून पालटून थर का आहेत, याचं कोडं एवढ्या एका रस्सीखेचीत सुटतं. आणि लोखंड मध्यभागी का? पृथ्वी तरुण असताना बरीचशी वितळलेली होती, तेव्हा जड ते बुडालं, हलकं ते वर तरंगलं.

बाह्य गाभ्यातलं हे लोखंड घुसळत असतं आणि त्यातून पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं. आत कुठे पट्टीचुंबक ठेवलेलं नाही. लोखंड ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबकपणा गमावतं. हे चालतं वीजनिर्मितीच्या यंत्रासारखं, वाहत्या धातूतल्या विद्युतप्रवाहावर. म्हणूनच ते बेभरवशाचं आहे. उत्तर-दक्षिण ध्रुवांनी अनेकदा जागा बदलल्या आहेत. शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली.

आता खाणीतल्या घामाकडे. भूकवचात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या सर्वांत खोल खाणी ४ किलोमीटरच्या आसपास जातात. तिथे खडक साठ अंशांहून तापलेला असतो आणि माणसांना काम करता यावं म्हणून खाली बर्फाचा लगदा पाठवावा लागतो. ही उष्णता दोन ठिकाणची: काही पृथ्वीच्या जन्माच्या वेळची शिल्लक, काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून आजही तयार होणारी. दोन्हींचा वाटा साधारण निम्मानिम्मा.

लॉर्ड केल्व्हिनने १८६० च्या दशकात या वाढत्या तापमानावरून पृथ्वीचं वय काढलं: २ कोटी ते ४० कोटी वर्षं. त्याला किरणोत्सार ठाऊक नव्हता म्हणून तो चुकला, असं सर्रास सांगितलं जातं. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. त्याची मोठी चूक दुसरी होती: पृथ्वी आतून जागच्या जागी थंड होते असं त्याने धरलं. त्याचाच जुना सहायक जॉन पेरी याने १८९५ मध्ये बजावलं होतं की आत पदार्थ वाहत असेल तर वय कितीतरी वाढेल. पेरीचं फारसं कोणी ऐकलं नाही. पण तो बरोबर होता, आणि तपासायला कागद-पेन्सिल पुरते. दर किलोमीटरला २५ अंश याच हिशोबाने केंद्रापर्यंत गेलो तर तिथे दीड लाख अंशांहून जास्त तापमान यायला हवं. ते येत नाही, कारण प्रावरण स्वतःला घुसळून उष्णता वर आणत राहतं. खाली जाताना तापमानाचा चढ फक्त वरच्या कडक थरात इतका उभा आहे.

आणि एवढी उष्णता असूनही आपल्या पायांना ती जाणवत नाही. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला एका वॉटच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्याच चौरस मीटरला सूर्याकडून मिळणारी, दिवस-रात्र आणि सगळं जग धरून सरासरी काढली तर, १६० वॉटच्या आसपास. म्हणून जमिनीच्या वर आलो की राज्य सूर्याचं.

हवेच्या समुद्राचा तळ

सूर्याचं राज्य आहे, मग डोंगरावर थंडी का? कारण सूर्यप्रकाश हवेला फारसं तापवत नाही. तो बराचसा आरपार जातो आणि जमिनीला तापवतो. जमीन मग हवेला खालून तापवते. आपण चूल वर आहे असं समजतो, खरी चूल पायाखाली आहे. शिवाय तापलेली हवा वर चढली की तिच्यावरचा भार कमी होतो, ती पसरते, आणि पसरली की थंड होते. सायकलचा पंप मारताना तो गरम होतो, त्याच्या अगदी उलट. पुन्हा तोच मुद्दा बघा: भार हलका झाल्यावर खाली खडक वितळतो, वर हवा गार होते.

हवेला भार असतो हे माणसाला तसं उशिराच कळलं. १६४३ च्या सुमारास टोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी करून तो दाखवला. ब्लेझ पास्कालला वाटलं, हा भार खरा असेल तर डोंगरावर तो कमी भरला पाहिजे. स्वतः तो आजारी असे, म्हणून त्याने आपल्या मेहुण्याला, फ्लोराँ पेरिएला, कामाला लावलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए नळी घेऊन फ्रान्समधला प्यूई द डोम डोंगर चढला आणि पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला. एक नळी मात्र त्याने पायथ्याशी माणूस बसवून ठेवली होती, दिवसभरात तिथला पारा हलत नाही ना ते बघायला. प्रयोग असा करावा.

हवा खाली दाट आणि वर विरळ. एकूण हवेपैकी निम्मी पहिल्या साडेपाच किलोमीटरांत आणि ९९ टक्के पहिल्या ३० किलोमीटरांत. १८६२ च्या सप्टेंबरात जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल फुग्यातून साधारण ९ किलोमीटरपर्यंत गेले. ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात गोठले होते; त्याने झडपेची दोरी दातांत धरून ओढली म्हणून दोघे जिवंत परतले.

हा सर्वांत खालचा थर तपांबर. ध्रुवांवर सुमारे ८ किलोमीटर, विषुववृत्ताजवळ १६ ते १८. ढग, पाऊस, वादळं जवळपास सगळी यातच. किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी तापमान घटतं. एकोणिसाव्या शतकात सर्वांना वाटायचं की ते असंच घटत घटत अवकाशापर्यंत जात असणार.

फ्रान्सच्या लेओं तेसराँ द बोर यांनी उपकरणं बांधलेले फुगे सोडले तेव्हा ११ किलोमीटरच्या आसपास पारा उतरायचा थांबलेला दिसला. त्यांनी आधी स्वतःवरच संशय घेतला: उन्हाने उपकरण तर तापत नसेल? मग त्यांनी रात्री फुगे सोडायला सुरुवात केली. दोनशेहून जास्त उड्डाणांनंतर, १९०२ मध्ये, त्यांनी वर वेगळा थर आहे असं जाहीर केलं. तोच स्थितांबर, सुमारे ५० किलोमीटरपर्यंतचा. यात वर जावं तसं तापमान वाढतं, कारण इथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. इथे हवेला स्वतःची वेगळी चूल मिळाली.

गरम हवा वर आणि थंड खाली, म्हणजे वर-खाली घुसळण बंद. म्हणून नाव 'स्थित'. या थराची खालची हद्द झाकणासारखी असते आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते: प्रचंड गडगडाटी ढग उंच वाढत जातो आणि एका पातळीवर ऐरणीसारखा सपाट पसरतो. तिथे झाकण लागलेलं असतं. या स्थिरतेमुळेच तिथे गेलेली घाण लवकर धुऊन निघत नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीने गंधकाचे वायू तिथवर फेकले आणि पुढची एक-दोन वर्षं जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. ओझोनचं प्रमाण मात्र नगण्य: सगळा खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला तर थर भरेल ३ मिलिमीटर. त्यालाच अंटार्क्टिकावर भोक पडतंय हे १९८५ मध्ये उघड झालं आणि १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला.

५० किलोमीटरच्या वर ओझोनची चूल मागे पडते आणि तापमान पुन्हा घटतं. हा मध्यांबर. ८५ किलोमीटरच्या आसपास उणे ९० अंश किंवा त्याहून खाली. बहुतेक उल्का इथेच जळतात. इथली एक विचित्र गोष्ट: ध्रुवांवर या थराचा माथा सर्वांत थंड असतो तो उन्हाळ्यात. कारण तेव्हा तिथली हवा वर चढत असते, आणि वर चढणारी हवा पसरून गार होते. या थराबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे. फुगे जेमतेम पन्नास किलोमीटर गाठतात, विमानं त्याच्या निम्म्यालाही दमतात, आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. रॉकेट काही मिनिटं भेट देऊन पडतं. अंतर म्हणाल तर दोन शहरांमधलं, पण प्रावरणासारखाच हा थरही दुरूनच ओळखायचा.

त्याच्या वर उष्मांबर, आणि इथे तापमान हा शब्दच फसवायला लागतो. आकडा १,५०० अंशांवर जाऊ शकतो. पण तापमान म्हणजे कण किती वेगाने धावतात. उष्णता म्हणजे असे किती कण आपल्याला येऊन धडकतात. इथे कण सुसाट आहेत, पण विरळ. उघडा तापमापक ठेवला तर त्याला हवेकडून जवळजवळ काहीच मिळणार नाही. तरी हवा आहे, हे विसरता येत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं आणि या विरळ हवेच्या घर्षणाने खाली घसरत राहतं; अधूनमधून त्याला वर ढकलावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळाने हा थर फुगला आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी बहुतेक उपग्रह खाली येऊन जळाले.

आता मघाशी राहिलेला गोंधळ. आयनांबर हा या मजल्यांच्या मध्ये घुसवलेला वेगळा मजला नाही. मध्यांबराच्या वरच्या भागापासून उष्मांबरात पसरलेला, विद्युतभारित कणांचा तो प्रदेश आहे. वाटणी तापमानावरून नव्हे, वागण्यावरून. शिलावरणाचा भाऊच म्हणा. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संदेश पाठवला तेव्हा लोक बुचकळ्यात पडले, कारण रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं की वर कुठेतरी आरसा असावा. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपल्टनने तो प्रयोगाने दाखवला. या आरशाच्या खालचा, लहरी गिळणारा पट्टा सूर्य मावळला की विरून जातो. मध्यम लहरींवरची दूरदूरची केंद्रं रात्री खरखरत का होईना ऐकू येतात ती म्हणूनच.

आणि शेवट? तो नाहीच. 'इथून अवकाश सुरू' अशी १०० किलोमीटरवरची रेघ माणसाने सोयीसाठी मारलेली. उष्मांबराच्याही वरच्या बाह्यांबरात हायड्रोजनचे अणू इतके विरळ की एकमेकांना क्वचितच धडकतात, पण ते आहेत. २०१९ मध्ये सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानाच्या जुन्या नोंदींवरून दिसलं की पृथ्वीभोवतीचा हा हायड्रोजन ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पसरला आहे. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर दुर्बीण मांडून या वेढ्याचं छायाचित्र काढलं, तेव्हा आपण त्याच्या आतच उभे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन्ही बाजूंची नोंद

खालचे आणि वरचे थर आपण वेगवेगळे शिकतो, पण मूळ हवा आली ती बरीचशी पृथ्वीच्या पोटातूनच, ज्वालामुखींच्या वाटे. ऑक्सिजन मात्र त्यात नव्हता. तो सूक्ष्म जीवांनी बनवला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. गाभ्यातल्या लोखंडाचं चुंबकत्व सूर्याकडून येणारे भारित कण वळवतं. मंगळाचं चुंबकत्व विझलं आणि त्याची हवाही बरीचशी गेली, हे उदाहरण नेहमी देतात. पण शुक्राला असं चुंबकत्व नाही आणि तरी त्याची हवा आपल्यापेक्षा नव्वद पट दाबाची आहे. चुंबकत्व गेलं की हवा गेली, इतकं ते सरळ नाही.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राखेचा आणि वाफेचा स्तंभ तपांबर आणि सगळा स्थितांबर भेदून ५७ किलोमीटरवर, मध्यांबरात पोचला. दाबाची लहर पृथ्वीला अनेकदा प्रदक्षिणा घालून गेली आणि आयनांबरातही तरंग उठले. त्या दिवशी जगभरच्या भूकंपमापकांवर रेघ हलली. त्याच दिवशी जगभरच्या वायुभारमापकांवरही हलली, टोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीच्या वारसदारांवर. लहर जगाला वळसा घालून आली की तीच उडी पुन्हा उमटायची, दर वेळी थोडी फिकी.